दुधात कुस्करलेली भाकरी

पप्पांना थायमसचा कॅन्सर झाला, तोवर छातीच्या हाडामागे अशी एक ग्रंथी असते हे आमच्या वडूजच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. केमोनंतर गाठ पुन्हा वाढली. मग सांगलीच्या एका हॉस्पिटलने त्यांना इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध, आणि घरी रोज काय त्रास होतो याची एक वही भरायची. वही इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे आली.

पप्पा फौजेतून रिटायर झालेले. तिथे दुखणं सांगणारा कामचुकार ठरायचा. मी एकेक प्रश्न मराठीत वाचायचे आणि ते हजेरी दिल्यासारखं म्हणायचे, "सब ठीक. लिही." मी लिहायचे. उलट बोलायची मला सवय नाही.

औषधाच्या दुसऱ्या खेपेनंतर ते भाकरी दुधात कुस्करायला लागले. आमच्याकडे बरेच जण तशी खातात, त्यामुळे आईला काही वाटलं नाही. पण पप्पा कायम कडक भाकरी ठेच्याशी खाणारे. संध्याकाळी त्यांची डावी पापणीही उतरायची.

"चावायला त्रास?" मी वहीतलं वाचलं.

"न्हाई."

"पप्पा, पण भाकरी..."

"त्रास लिहिला की औषध बंद करतील. दुसरं काय हाय आपल्याकडं? लिही, न्हाई."

मी 'नाही' लिहिलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर बाईंनी वही चाळली आणि नर्सला औषध आणायला सांगितलं.

"आठवडाभर ते भाकरी दुधात खातायत," मी म्हणाले. "वहीत मी चुकीचं लिहिलंय."

बाईंनी पप्पांना छताकडे बघत राहायला लावलं. मिनिटभरात पापणी खाली आली. रक्त घेतलं, ईसीजी काढला. हे औषध कधी कधी शरीराच्या स्वतःच्याच स्नायूंवर उलटतं, आज दिलं असतं तर श्वासावर बेतलं असतं, असं त्यांनी सांगितलं. पप्पांना दाखल करून स्टेरॉइड सुरू केलं. चाचणीचं औषध कायमचं बंद झालं.

"इंग्लिश मीडियमात घातली ती माझीच चुगली करायला व्हय?" एवढं बोलून पप्पा भिंतीकडे वळले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

औषध बंद झालं तरी वही भरायचीच होती. घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी आईकडे ठेचा मागितला. सावकाश जेवले, मग मला हाक मारली.

"वही आण. लिही, चतकोर चावली. मग जबडा दमला."