‘बाल है, साब’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात चहा कसा झाला होता तेसुद्धा घरी येऊन सांगतो. माझा एक विनोदी किस्सा आहे. जयपुरातली आम्ही मराठी मंडळी गणपतीत जमलो की तो मला सांगायला लावतात. मी सांगतो, लोक पोट धरून हसतात. त्या किश्श्यात एक खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी एका चांगल्या मिस्त्रीचं नाव गेलं. मी मात्र सहा वर्षं किस्सा सांगत राहिलो.

जीपपासून सुरुवात करू? तिच्याबद्दल बोलायला लागलो की मी अजूनही हुरळतो — आता लिहितानाही हुरळलोच आहे — आणि सगळी गोम त्या हुरळण्यातच आहे. मी मूळचा सांगलीचा. विमा कंपनीतली नोकरी, बदली होऊन इथे आलो, शास्त्री नगरात घर केलं. श्रीकांत माझा इथला मित्र, एका इस्पितळात डॉक्टर. दोघांनी मिळून एक जुनी डिझेल जीप घेतली. गंजलेली, कित्येक वर्षं जागची न हललेली. ती दोराने ओढत आणली त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. भूक लागतेच कुठे अशा वेळी?

इंजिन उघडायला दिलं भंवरलालजी मिस्त्रींकडे. जुन्या जीपांचे जयपुरातले सगळे शौकीन त्यांच्याचकडे जायचे. कमी बोलणारा माणूस. इंजिनाला हात लावायच्या आधी हात धुवायचे — नंतर सगळेच धुतात, हे आधी. श्रीकांतला वेळ नसायचा, म्हणून काय बदलायचं, काय ठेवायचं ते ठरवणं माझ्याकडे. ऑफिस सुटलं की मी थेट त्यांच्या शेडमध्ये. एकेक भाग धुऊन, घासून फळीवर मांडला जात होता आणि मला रोज दिवाळी. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका कारागिराकडून मी जीपच्या नावाची पितळी पाटीसुद्धा करून आणली. इंजिनाचा अजून पत्ता नाही आणि पाटी तयार — बायकोने यावरून मला किती छळलं असेल? पण रविवार ठरला होता. टोंक रोडने चाकसूपर्यंत जायचं आणि परत यायचं. श्रीकांतला तेवढी एकच सुट्टी होती आणि मी गावभर सांगून ठेवलं होतं.

त्या आठवड्यातला बुधवार.

भंवरलालजींनी क्रँकशाफ्ट बाकड्यावर ठेवला होता. पिस्टनच्या खालीवर होण्याचं फिरण्यात रूपांतर करणारा तो जाडजूड, वळणावळणाचा दांडा — इंजिनाचा सगळा भार तोच वाहतो. त्यांनी तो रॉकेलने धुतला, कोरडा पुसला, त्याच्यावर खडूची पूड भुरभुरली आणि लाकडी हातोडीने हलके टोले दिले. मी शेजारी उभा. खरं सांगू? मला फार मजा वाटत होती. पांढऱ्या पुडीतून, एका गोल भागाच्या कडेला, एक बारीक काळी रेघ हळूहळू वर आली. आत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

“बाल है, साब,” ते म्हणाले. “दूसरा मँगवाऊँ? डेढ़-दो महीना लगेगा।”

आता थोडं माझ्या हिंदीबद्दल. तेव्हा ती प्रसिद्ध होती. नवा असताना मी साहेबांना ‘आपके लिए मैंने बहुत यातायात की’ असं सांगितलं होतं, आणि त्यांनी विचारलं होतं, की म्हणजे बसने की रेल्वेने? त्यामुळे मी काहीही बोललो तरी लोक समजून घ्यायचे. हिंदीत बाल म्हणजे केस, एवढं तर मलाही ठाऊक होतं. पण काचेला, चिनीमातीला, लोखंडाला जो केसाएवढा बारीक तडा जातो, त्यालाही ते बालच म्हणतात.

हे मला ठाऊक होतं का?

होतं. आठच दिवसांपूर्वी माझ्या मुलीने — ती इथल्याच शाळेत वाढलेली — माझ्या हातातला कप काढून घेतला होता. ‘बाबा, मत पियो, याच्यात बाल आलाय.’ मी कपात केस शोधायला लागलो, ती हसली, आणि तिने मला शब्द शिकवला. अगदी बोटाने रेघ दाखवून.

आणि शब्द ठाऊक नसता तरी काय? डोळे होते ना मला. रेघ समोर दिसत होती. दीड-दोन महिने कशासाठी लागणार, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होतो? पण मला रविवार हवा होता. छातीत नुसती धडधड चालली होती — पहिल्यांदा किल्ली फिरवायची, टोंक रोडवर वारा घ्यायचा. आणि मग मी ते केलं. ठरवून केलं. चेहऱ्यावर भोळं हसू आणून म्हणालो, “बाल है तो पोंछ डालो, भैया.”

ते माझ्याकडे बघत राहिले. गिऱ्हाईक थट्टा करतंय, म्हणजे त्याला फिकीर नाही, असं त्यांना वाटलं असेल. की मला खरंच कळलेलं नाही, असं? त्यांनी आणखी एकदा विचारलं, “सोच लिया, साब?” मी मान हलवली. किश्श्यात हा दुसरा प्रश्न मी कधीच सांगत नाही. दीड-दोन महिन्यांचंही नाही.

रविवारी इंजिन सुरू झालं. काय सांगू तुम्हाला — तो आवाज आठवला की मी आजही खुर्चीत नीट बसू शकत नाही. आम्ही चाकसूला पोहोचलो, चहा प्यालो, फोटो काढले. परतताना श्रीकांत चालवत होता. बोनेटखाली धाडकन आवाज झाला, चाकं जाम झाली आणि जीप दुभाजकावर गेली. दांडा त्या रेघेवरच तुटला होता. मला खरचटलंही नाही. श्रीकांतचं मनगट मोडलं.

इस्पितळात, हात प्लास्टरमध्ये असताना त्याने मला विचारलं, मिस्त्री काहीच बोलला नव्हता का? दाव्याच्या अर्जात माणसं काय लपवतात ते ओळखायचा मला पगार मिळतो. मी म्हणालो, ‘बाल है म्हणाला होता रे — मला वाटलं, केस अडकलाय.’ श्रीकांत इतका हसला की नर्स आत आली. हसून झाल्यावर मात्र तो भंवरलालजींवर चिडला. इतकी मोठी गोष्ट नीट समजावून सांगता येत नाही? तडा दिसत असताना दांडा बसवतोच कसा? हे त्याने जुन्या जीपवाल्यांना सांगितलं, त्यांनी आणखी चौघांना. किस्सा पसरला तसा हा ठपकाही पसरला. वर्षभरात भंवरलालजींकडे इंजिनं यायची बंद झाली. श्रीकांतचं मनगट सहा आठवड्यांत बरं झालं.

आता भंवरलालजींच्या शेडबाहेर ई-रिक्षा उभ्या असतात. ब्रेक घट्ट करायचे, टायर बदलायचे. त्यांच्यात इंजिन नसतं.

गेल्या महिन्यात मी तिथून जाताना त्यांनी हाक मारली. स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मग खाली बघत म्हणाले, “गलती मेरी थी, साब। आपकी हिंदी मालूम थी मुझे। दरार बोलना चाहिए था।”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “जाने दो, भंवरलालजी.”

मी त्यांना माफ केलं.