सहा तासांचं विमान

आमच्या धाकट्या भावाइतकी अलगद चाकाची खुर्ची ढकलणारा माणूस त्या अख्ख्या विमानतळावर नाही. उगाच नाही सांगत. बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. बावीस वर्षं तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना विमानाच्या दारापर्यंत सोडतोय. स्वतः आत एकदाही बसला नाही, पण घरात विमानाबद्दल त्याचाच शब्द शेवटचा. आणि तो चुकत नाही. एकदाच चुकला.

बहिणीला नववा लागला होता. ती राहते साडेअकरा हजार किलोमीटरवर. तिनं आईचं तिकीट पाठवलं. आईची कंबर शिवणकामानं कामातून गेलेली. "किती तास बसायचं ते सांग, मग बघते," एवढीच तिची अट.

धाकट्यानं तिकीट पाहिलं. निघणार सकाळी नऊला, पोचणार त्याच दिवशी दुपारी तीनला.

"सहा तास. हाताच्या बोटांवर मोजलेत."

"मशीनवर बसते तेवढेच की!" म्हणत आईनं बॅग भरायला घेतली.

जायच्या दिवशी तो रात्रपाळी करूनच आईला घ्यायला विमानतळाच्या दारात आला. पायांचे नुसते तुकडे पडले होते. तरी तिला दुसऱ्या कुणी ढकलायचं म्हणजे काय! आपल्याच खुर्चीत बसवून त्यानं तिला काउंटरवर नेलं.

काउंटरवरच्या मुलीनं आईकडे पाहून हळूच सांगितलं, "काका, आजींना मधून मधून चालायला सांगा हं. चौदा तास आहेत."

"सहा!"

"अहो, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा आठ तास मागे. तिथले तीन म्हणजे आपले रात्रीचे अकरा."

बावीस वर्षांत त्यानं हजारो माणसं विमानात बसवली, पण तिथे उतरल्यावर त्यांच्या घड्याळात किती वाजतात हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचं काम दाराशी संपायचं.

तो खुर्ची ढकलत राहिला. आई खुशीत होती, दुकानांच्या काचेतले कपडे बघून "शिलाई बघ, दोरे लोंबतायत," असं चाललं होतं. सांगितलं तर ती इथूनच परत फिरेल. मग तिकडे पोरगी एकटी. न सांगावं, तर सहाव्या तासाला ही कुणाकडे बघेल?

गेटपासून थोडं अलीकडे त्यानं खुर्ची थांबवली. पुढे येऊन खाली बसला तर गुडघे कटकन वाजले.

"आई, माझं चुकलं. चौदा तास आहेत."

आईनं दुकानांवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"मघाशी. काउंटरवर."

"आणि इथवर गप्प ढकलत आलास! गाढवा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दोन पाळ्या, आणि वर ओव्हरटाइम."

"नको जाऊस. मी तिला फोन करतो."

"फोन काय पोराला अंघोळ घालणार? ऊठ. मला उठव."

"कुठे निघालीस?"

"चौदा तास बसायचंच आहे मेलं. आता तरी चालू दे."

एका हातानं त्याचा दंड धरून ती पावलापावलानं निघाली. दुसऱ्या हातानं तो रिकामी खुर्ची ओढत होता. समोरून येणारा त्याच्या पाळीतला गडी हसला, "काय रे, पेशंट पळाला काय?"

धाकट्याला हसायचंही त्राण नव्हतं. आई दारातून आत गेली, वळून म्हणाली, "आता घरी जाऊन झोप."

तो मात्र भिंतीला खुर्ची टेकवून तिच्यातच बसला, विमान हलेपर्यंत.