मामा आणि दोन फॉर्म सोळा

मामीचा फोन आला तेव्हा मी रांजणगावला कंपनीत होते. "अश्विनी, तुझं मामा गेलं गं," एवढंच ती म्हणाली आणि फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. मी सुट्टी सांगायला साहेबांच्या केबिनकडे निघाले, तर समोरच्या नोटीस बोर्डावर कागद लागलेला, फॉर्म सोळा तयार आहेत, ईमेल बघावा. मामांना विचारून मुहूर्त काढला असता तर त्यांनी नेमका हाच आठवडा टाळला असता... कारण वर्षातल्या याच दिवसांत खुटबावच्या त्यांच्या ओट्यावर सगळ्यात जास्त गर्दी असायची.

मामा कुरकुंभच्या एका कारखान्यात पगार विभागात होते. निवृत्त होऊनही त्यांनी ते खातं सोडलं नाही. नम्रपणा त्यांना कधी जमला नाही आणि जमवायची त्यांची इच्छाही नव्हती. आमच्याकडे दौंड-शिरूर भागात पूर्वी मुलाचा सातबारा बघायचे, आता त्याच्या जोडीला फॉर्म सोळा मागतात. आर्थिक वर्ष संपलं की कंपनी प्रत्येक कामगाराला देते तो कागद. वर्षभरात पगार किती झाला, त्यातली सूट किती, कर किती बसला आणि कापलेला कर सरकारकडे भरला का, हे सगळं त्यात असतं. मुलीकडचे तो कागद घेऊन मामांकडे यायचे. कुणी नुसती पगाराची स्लिप आणली की मामा ती हातातसुद्धा घेत नसत. स्लिप एका महिन्याची, तिच्यात ओव्हरटाइम घुसतो, दिवाळीचा बोनस घुसतो, वर्षाचं काय ते बोला, असं म्हणून चहा पाजून परत पाठवत. त्यांच्या शब्दावर सोयरिकी जमल्या, मोडल्याही. आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

माझंही लग्न याच कागदावर अडलं होतं. पाटसच्या योगेशचं स्थळ आलं, दोनदा बोलणं झालं आणि माझ्या मनानं हो म्हणून टाकलं. त्याच्या घरच्यांनी मोकळेपणानं दोन वर्षांचे फॉर्म दिले. आधीच्या वर्षी कर कापलेला होता, नंतरच्या वर्षी कराच्या जागी शून्य. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा उतरला. ज्याचा टॅक्स कापतात तो पर्मनंट आणि ज्याचा कापत नाहीत तो ठेकेदाराचा माणूस, हा आमच्याकडचा हिशेब. मुलाची कायमची नोकरी गेली, आता तो ठेकेदाराकडे लागलाय आणि घरचे लपवतायत, असं आबांनी ठरवून टाकलं. कराची पद्धत बदललीय, नव्या पद्धतीत एवढ्या पगाराला कर लागत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तुला तो आवडलाय म्हणून तू असं बोलतेस, असं आबा म्हणाले. आवडला होता हे खरंच होतं, पण त्यानं कराचा नियम बदलत नाही. नकार कळवायचं पक्कं झालं, फक्त त्याआधी मामांच्या तोंडून तो ऐकावा म्हणून आबा मला घेऊन खुटबावला गेले. मामा काय म्हणतील याची मला खात्री होती. माझ्या घरात माझं कुणी ऐकत नाही, याचाच राग येत होता.

मामांनी चष्मा लावला, दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. मग माझ्याकडे वळून माझा फॉर्म मागितला. तो मोबाइलमध्ये होता. मोबाइलवर वाचलेलं मामांना पटत नसे, त्या दिवशी चालवून घेतलं.

"दाजी, अश्विनी कामाला जाती न्हवं?"

"जाती की. पर्मनंट हाय ती," आबा तोऱ्यात म्हणाले.

"मग हिचा टॅक्स बघा."

तिथंही शून्यच होतं. आबांनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला.

"आता हिची बी नोकरी गेली म्हणायची का?" मामांनी विचारलं.

"मग ह्ये कसं काय?"

मामांनी चष्मा काढला. असा प्रश्न म्हणजे त्यांचा जीव की प्राण... अर्धा तास तरी कुणाला उठू दिलं नसतं. पण ते शांतपणे म्हणाले, "म्या न्हाई सांगायचो. पोरगी सांगल. तिचं ऐकलं न्हाई म्हणून तर हितं आलाय तुम्ही."

मग मी सांगितलं. वर एकूण पगार, तो आधीच्या वर्षापेक्षा वाढलेलाच आहे. त्यातून पगारदारांना मिळणारी सूट वजा झाली. उरलेल्यावर कर निघाला, आणि त्याच्या खालच्या ओळीत सरकारनं तो सगळाच माफ केला. म्हणून शेवटी शून्य. आबा ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. मी एवढं सलग बोलतेय आणि ते मध्ये तोडत नाहीत, असं पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी ते "व्हय" म्हणाले आणि मामीला चहा टाकायला सांगितला. मामा पूर्ण वेळ गप्प बसले होते. बोलायची एवढी हौस असलेल्या माणसानं माझ्यासाठी तोंड मिटून घेतलं, यापेक्षा मोठा आहेर मला लग्नात मिळाला नाही.

परवा आबा आणि मी मामीला भेटायला गेलो होतो. मामा गेल्याचं माहीत नसलेले एक गृहस्थ मुलीसाठी स्थळाचा कागद घेऊन दारात आले. ऐकून ते ओशाळले, कागदाची घडी पुन्हा खिशात घालायला लागले.

"थांबा," आबा म्हणाले. "मेव्हणं न्हाईत आता, पर आमच्या पोरीला दाखवा. ती नीट सांगल."

मामी मामांची खुर्ची पुढं सरकवायला लागली, तिला मी नको म्हटलं. त्या खुर्चीवर अजून त्यांचा टॉवेल होता. मी पायरीवर बसले, कागद उलगडला आणि आबा ऐकायला माझ्या शेजारी येऊन बसले.