स्वयंपाकघरातली अमेरिका

कमांडर काकाजींकडे चहाला गेलं की ते आधी कप बदलायचे. तुमच्यापुढचा कप स्वतःकडे ओढायचे आणि त्यांचा तुमच्याकडे सरकवायचे. चहात कोणी काही घालेल असं त्यांना वाटत होतं असं नाही. चहा काकूजी करायच्या आणि सगळ्यांना एकाच भांड्यातून ओतायच्या, हे त्यांना दिसत होतं. "आदत असू द्यावी मॅडम," ते म्हणायचे. बालाघाटला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहिले. लांजीहून आलेली, एकटी, कॉलेजात भूगोल शिकवणारी बाई. पहिल्या महिन्यात त्यांनी माझं ओळखपत्र तीनदा मागून पाहिलं. तिन्ही वेळा त्यावर तेच नाव निघालं, याचाही त्यांना थोडा संशय आला.

कमांडर हे नाव मोहल्ल्याने दिलेलं. नौदलाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सगळी नोकरी वनविभागाचे नकाशे काढण्यात गेली, आणि समुद्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण प्रशांत महासागर त्यांना वैनगंगेच्या घाटापेक्षा जास्त ओळखीचा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारी लढायांची पुस्तकं त्यांनी कपाटभर जमवली होती आणि त्यातल्या एकावरही त्यांचा विश्वास नव्हता. "हे जितलेल्यायनं लिवलेलं आहे. हारलेल्याले कोणं विचारलं?" म्हणून लढाई जिथे वळली तिथे ते परत जायचे आणि तिला दुसऱ्या वाटेने नेऊन बघायचे. त्यांचा लाडका प्रश्न ठरलेला होता. पर्ल हार्बरवर जपान्यांनी आणखी एक हल्ला केला असता आणि अमेरिकेच्या तेलाच्या टाक्या जाळल्या असत्या तर?

हा प्रश्न दर रविवारी जेवणं आटोपल्यावर घरात खेळला जायचा. काकाजींनी ट्रेसिंगच्या कापडावर महासागराचे दोन हुबेहूब नकाशे काढले होते. एक पुढच्या खोलीत, तिथे जपान म्हणजे काकाजी. दुसरा स्वयंपाकघराच्या फरशीवर, तिथे अमेरिका म्हणजे काकूजी. जपानची जहाजं म्हणजे काकूजींच्या माहेरचे, तिरोडीच्या खाणीतले मँगनीजचे काळे खडे. अमेरिकेची म्हणजे वाळलेले हिरडे. एकाने दुसऱ्याचा नकाशा बघायचा नाही. चाल चिठ्ठीवर लिहायची. पंचाने दोन्ही नकाशे बघून कोण कोणाला दिसलं, कोण बुडालं ते ठरवायचं, तेवढंच निकालाच्या चिठ्ठीवर दोघांना कळवायचं, आणि त्यापलीकडे इकडचं तिकडे एक अक्षर बोलायचं नाही. पूर्वी म्हणे काकाजी एकटेच खेळायचे, पण त्यात मजा येईना. "दोनी बाजूच्या चाली मलेच माहीत. मंग संशय कोणावर घेऊ?"

पंच मी. खेळ सुरू झाला की माझा मोबाइल तांदळाच्या डब्यात जायचा.

काकूजींनी त्या पुस्तकांचं एक पानही उलटलेलं नव्हतं. पण टाक्या जळाल्यामुळे अमेरिकेपाशी तेल कमी, आणि कमी असलेलं पुरवून वापरणं हा त्यांचा प्रांत. त्या सगळी विमानवाहू जहाजं बंदरात ठेवून शांतपणे मेथी निवडत बसायच्या. रविवारमागून रविवार चिठ्ठी एकच, 'थांबलो'. काकाजींना दम निघायचा नाही. ते पुढे पुढे सरकायचे, फार पुढे आले की काकूजी साठवलेलं तेल एकदम काढायच्या आणि दुपारभरात अर्धा जपान पाण्याखाली जायचा. मग काकाजी चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे.

मी फितूर आहे का, हे त्यांनी एकदा तपासलंही. मिडवेच्या लढाईआधी अमेरिकेने आपल्या बेटावर प्यायचं पाणी संपल्याचा खोटा संदेश सोडला होता, आणि शत्रू तो ऐकून काय करतो ते पाहून त्याचा बेत ओळखला होता. ही गोष्ट काकाजींनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल. तरी त्यांनी हळूच "पुढच्या रविवारी जपान फिजीकडे निघते, कोणाले सांगू नका" असं सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटलं. मी बोलले नाही. रविवारी अमेरिका जागची हलली नाही, आणि काकाजी म्हणाले, "पास झाल्या मॅडम." मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकूजींच्या पोटात दुखू लागलं. भाचीकडे जाते असं घरी सांगून त्या मला घेऊन गोंदियाला गेल्या. डॉक्टरांनी गाठ सांगितली, आणि उशीर झालाय असंही सांगितलं. परतीच्या बसमध्ये काकूजी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यायले सांगू नको, बाई. ते त्या डॉक्टरवर संशय घेतील, मंग दुसऱ्यावर, अन् मले गावोगाव फिरवतील. माह्ये रविवार जातील त्यात." मी हो म्हटलं. तिथेच चुकले का, हे मला अजून कळलेलं नाही.

पण खेळाने चुगली केली. काकूजी आता थांबेनात. तेलाचा हिशेब न बघता जहाजं पुढे काढायच्या, जिंकायच्या आणि आणखी पुढे जायच्या. काकाजी निकालाची चिठ्ठी उलटीसुलटी करून बघायचे. "अमेरिका घाई करून राह्यली, मॅडम. तेल नाही, अन् घाई. काहून?"

"पंचाले विचाराचं नाही काकाजी."

त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. एका गुरुवारी सकाळी मात्र त्यांनी अंगणातून काकूजींना ओरडून सांगितलं, की राजेगावचा पूल बंद आहे, गोंदियाच्या बसा जाऊन नाही राह्यल्या. काकूजी लगोलग वर येऊन मला म्हणाल्या, आता कसं? त्याच दिवशी रिपोर्ट दाखवायचे होते. मी तशीच खाली धावले. "काकाजी, पूल खरंच बंद हाय काय? लांजीकडून फिरून जाता येईल काय?"

काकाजी स्कूटर पुसत होते. "पूल चालू आहे," ते म्हणाले. "बंद आहे असं मी फक्त तिले सांगतलं होतं. अन् आज तं तुमचं कॉलेज आहे. तुमाले गोंदियाले काय काम, मॅडम?"

दहा वेळा ऐकलेल्या युक्तीत मी सापडले होते. मी रडत सगळं सांगितलं. स्कूटरच्या सीटवर हात ठेवून त्यांनी ते उभ्याउभ्या ऐकलं. कोणता डॉक्टर, कोणती तपासणी, काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "मले माहीत आहे हे तिले कळू देऊ नका. तिनं लपवलं आहे तं लपू द्या. जा, बस सुटंल."

त्या रविवारपासून जपान माघार घेऊ लागला. हातातली लढाई सोडून काकाजी काळे खडे नकाशाच्या पार कोपऱ्यात नेऊ लागले, जिथे अमेरिकेला पोचायला चार-चार रविवार लागावेत. डाव संपू द्यायचा नव्हता त्यांना. निकालाची चिठ्ठी स्वयंपाकघरात ठेवून मी लगेच बाहेर यायचे.

काकूजींनी दोनच रविवारांत ओळखलं. "जपान पळून राह्यला, बाई. काहून?" मी नकाशाकडे बघत राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "समजलं वाटते त्यायले." मग मूठभर हिरडे नकाशावर सरकवत म्हणाल्या, "असू दे. पळू दे त्यायले. मले समजलं हे नको सांगजो." त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हाही "अशक्तपणा आहे" असं त्या म्हणायच्या, आणि "हौ, अशक्तपणाच," असं काकाजी. मध्ये मी, दोघांचं सगळं जाणणारी आणि कोणालाच काही न सांगणारी. दिवाळीच्या आधी काकूजी गेल्या.

वर्षभराने विशाखापट्टणमला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा काकाजींना तिकडे घेऊन गेला. नकाशे त्यांनी बरोबर नेले नाहीत. तिथून त्यांचा एकदाच फोन आला. समुद्र कसा आहे विचारलं तर म्हणाले, "आहे, मोठा आहे." मागे वारा ऐकू येत होता.

"मॅडम, खेळ तं संपला आता. तिले माहीत होतं काय? मले समजलं म्हणून?"

"हौ, काकाजी. जपान पळाला तवापासून."

"मंग तिनं मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी तरी कुठं सांगतलं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पाच महिने होते आमच्यापाशी. उठून दहा पावलं गेलो असतो, अन् तिच्यापाशी बसून म्हटलं असतं, की मले माहीत आहे. तं काय झालं असतं? पंच तुमी आहा. तुमी सांगा."

त्या फोननंतर महिन्याभरातच काकाजी गेले. पुढे असं होईल हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी अंदाजानेच बोलले, पण पंचाच्या आवाजात बोलले. "काकूजी म्हणाल्या असत्या, पयले जेवून घ्या. मंग बोलू."

"हौ," काकाजी म्हणाले. "असंच म्हणाली असती."