कोमट पाणी

डेल्फीत शेळी थरथरल्याशिवाय देव बोलत नाही. महिन्याच्या सातव्या दिवशी देवळापुढे शेळी उभी करतात आणि तिच्या अंगावर झऱ्याचं गार पाणी ओततात. खुरांपासून शिंगांपर्यंत ती शहारली, तर देवाची मर्जी आहे. मगच आतली बाई तिवईवर बसते आणि देव तिच्या तोंडून बोलतो. शेळी नुसतीच उभी राहिली, तर आलेले सगळे आल्या पावली परत.

हे पाणी तिमारेता आणायची. वीस वर्षं. नवरा गेला होता, मूल नव्हतं. देवळातला अग्नी जपायचा आणि घडा भरायचा, एवढंच तिच्याकडे होतं. स्तोत्रं सगळी पाठ. आधीची आतली बाई वारली तेव्हा गाव धरूनच चाललं होतं, की आता तिमारेता. तिनेही नवं वस्त्र विणून पेटीत ठेवलं होतं.

पुजाऱ्यांनी फानोला निवडलं.

फानो! शेजारची. मेंढपाळाची लेक. सूत कातताना जिच्या धाग्याला अजून गाठी पडायच्या. नियमाप्रमाणे ती नवरा, मुलं, नातू सोडून देवळामागच्या घरात राहायला आली. पन्नाशी उलटलेली बाई कुमारिकेच्या वेशात चालू लागली आणि दूरदेशीचे राजदूत तिला वाट देऊ लागले. तिमारेताही घडा सावरून बाजूला सरायची.

"अगं, सरतेस काय? मी तीच आहे," फानो म्हणायची.

"तेच तर," तिमारेता म्हणायची.

देवळाच्या दारावर कोरलं होतं, 'स्वतःला ओळख'. तिमारेताला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते ठाऊक होतं. ती स्वतःला ओळखत होती. फानोलाही ओळखत होती. देवच कसा चुकला, ते तिला कळत नव्हतं.

चार वर्षं तिने गिळलं. पाचव्या शरदात एका सातव्याला तिने घडा भरून आणला आणि अग्नीपाशी ठेवला. बराच वेळ. मग पाणी ओतलं. शेळीने एक कान हलवला आणि पुजाऱ्याच्या हातातली लॉरेलची पानं चघळायला घेतली.

पुढच्या सातव्यालाही तेच.

मग हिवाळा आला. तीन महिने देव उत्तरेला जातो. गाव मात्र जागेवरच असतं, आणि बोलतं. बळीच्या मटणावर जगणारं गाव ते.

"हिवाळ्याआधीच दोन महिने सुरीला धार लावली नाही," देवळात बळी कापणारा लिसोन म्हणायचा. "देव रुसला फानोवर, उपास आमच्या बोकांडी!"

पुजारी प्राक्सियासने तिमारेताला बोलावलं. "वसंताच्या पहिल्या सातव्यालाही शेळी हलली नाही, तर फानो घरी जाईल. तुझं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, बाई."

"देवाची इच्छा," तिमारेता म्हणाली. घरी जाऊन तिने पेटीतलं वस्त्र उन्हात घातलं.

त्या सातव्याला पहाटे फानो झऱ्यावर केस धूत होती.

"तिमे, पाय बघ माझे. निळे पडलेत."

"भीती वाटते?"

"वाटते ना. शेळी थरथरेल याची."

तिमारेताने घडा पाण्यात धरला.

"तू पाणी अग्नीपाशी ठेवतेस ना?" फानो हळूच म्हणाली. "मागच्या वेळी माझ्या पायावर थेंब उडाले. कोमट होते."

घडा भरून वाहू लागला.

"घाबरू नकोस, कुणाला बोलले नाही मी. रडले मात्र खूप. म्हटलं, एवढ्या गावात एकीला तरी माझं मन कळलं. खिडकीतून नातू दिसतो गं. चालायला लागलाय. समोरून जातो आणि ओळखत नाही. त्याचे आजोबा अजून माझ्या वाटणीची अंजिरं बाजूला काढून ठेवतात म्हणे. वेडा माणूस." तिने ओल्या हातांनी तिमारेताचा चेहरा धरला. "आजच्या दिवस ठेव पाणी. आज मी घरी जेवेन."

तिमारेता वर आली. घडा अग्नीपाशी ठेवला. समोर बसली.

उद्या राजदूत तिला वाट देणार होते. आणि खाली आपल्या अंगणात फानो बसणार होती, मांडीवर नातू, शेजारी अंजीर सोलणारा म्हातारा. लोक म्हणणार होते, फानो ना? सुखात आहे. हे सगळं तिमारेताला देवळामागच्या घरातून रोज दिसणार होतं. त्या घराला खिडकी एकच होती.

पाणी तापायच्या आत तिने घडा उचलला. कड्याच्या सावलीत थोडा बर्फ उरला होता. दोन मुठी तिने घड्यात टाकल्या.

शेळी अशी थरथरली, की तिचे गुडघे टेकले. लोक ओरडले. लिसोनने सुरी उपसली. फानो शेळीकडे बघत नव्हती. ती तिमारेताकडे बघत होती. मग वळली आणि आत गेली.

थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. तिमारेता अग्नीपाशी बसून ऐकत होती, त्यात आपलं नाव येतं का.

आलं नाही. पुढची अकरा वर्षं दर सातव्याला ती तशीच बसायची, लाकडं सारत, कान आत लावून. फानोने ते नाव कधीच घेतलं नाही.