हिरवं पाणी

आमच्या घरात मासे शिजत नसत, त्यांचं औषधपाणी मात्र चालायचं. बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. तळ्यांतले मासे अंगावर लाल फोड येऊन मरत, त्यावर ते उपाय शोधत होते. वाडीकडच्या एका तळ्यातलं शेवाळ त्यांनी बाटल्यांत वाढवलं होतं. इतकं बारीक, की नुसतं पाणीच हिरवं दिसे. त्या पाण्यात माशांचे फोड सुकत. ते गाळून त्याचा थेंब जंतूंच्या बशीत टाकला, की जंतूही वाढत नसत. माशांच्या औषधावर पीएच.डी. होणार, एवढंच बाबांनी आईला सांगितलं होतं, आणि आईनं आमच्या सगळ्या नंदनवन वस्तीला.

दसऱ्याच्या सुटीत प्रयोगशाळा बंद राहणार आणि शेवाळाला तर रोज ऊन हवं, म्हणून बाबांनी सगळ्या बाटल्या घरी आणून खिडकीत मांडल्या.

खंडेनवमीला आई ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू धुऊन पुजायची. माठाला जरा बुळबुळ आली तरी जिला चारचौघांत लाज वाटे, ती नवऱ्याची हत्यारं तशीच कशी पुजणार? बाबा झेंडू आणायला सीताबर्डीला गेले होते. परत आले तेव्हा बाटल्या पाटावर उभ्या होत्या, हळदीकुंकू लावलेल्या.

"पाहा, कशा लख्ख केल्या! केवढं शेवाळ चढून राहिलं होतं. राखेनं घासलं, तेव्हा निघालं."

"काहून वं..." एवढंच बाबा म्हणाले. मग खाली बसून त्यांनी एकेका बाटलीला झेंडू वाहिला. मला अजून त्यांचा राग येतो. ओरडले असते, तर भांडण होऊन तिथंच मिटलं असतं.

सुटीनंतर ते त्या तळ्यावर पुन्हा पुन्हा गेले. पाणी आणलं, ते हिरवंही झालं, पण मासे त्यात मरतच राहिले. नेमकं ते शेवाळ पुन्हा हाती लागलं नाही. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. वर म्हणाले, "तुझी काही चूक नाही वं. मीच एक बाटली कॉलेजात ठेवाले पाहिजे होती."

त्यानंतर आई काहीही ओतण्याआधी विचारू लागली. बादलीतलं शिळं पाणी असो, नाही तर तांदळाचं धुवण. "हे फेकू काय जी?" बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणत, "फेक वं."

बाबा गेल्यावरही ती सवय सुटली नाही. परवा मोरीत पातेलं घेऊन "हे फेकू काय जी?" म्हणाली आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ. शेवटी मीच म्हटलं, "फेक, आई."

तिनं ते पुन्हा ओट्यावर ठेवलं.