आखाजीचा मुऱ्हाळी

धुळ्याच्या चौफुलीवर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत मी आणि आई उभ्या होतो. माझ्याकडे एक सॅक, एक सेकंडहँड माईक आणि आईने फडक्यात बांधून दिलेली कळण्याची भाकरी. पुण्याहून पुढे बंगलोर. तिथल्या एका बँडला गायिका हवी होती आणि फोनवर माझा आवाज ऐकून त्यांनी ये म्हटलं होतं. आई रडली नाही. तिला एकच प्रश्न पडला होता.

"सासरले जायेल पोर आखाजीले परत येस," ती म्हणाली. "तू कोठे जाई राहिनी? तुले लेवाले कोन येई?"

खान्देशाबाहेर वाढलेल्यांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीहून मोठी. सासरच्या मुली त्या सणाला माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. भाऊ नाहीतर बाप न्यायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात उभा राहिला की पोरीची मान सासरच्या गल्लीत ताठ होते.

आबा चौफुलीवर आले नाहीत. त्या दिवशी बैलबाजार होता आणि आबा बैलांचे दलाल. आदल्या संध्याकाळी ते एवढंच बोलले होते, "जे जनावर सोताहून दावं सोडस, त्याले कोनी धुंडाले जात नही." शोधायलाही जात नाही, म्हणजे. मग त्यांनी जेवण संपवलं आणि हात धुतले.

माझा आवाज पहिल्यापासून खालचा. आखाजीच्या झोक्यावर बायका गौराईची गाणी उंच सुरात म्हणतात. मी तोंड उघडलं की काकू म्हणायची, "तू ऱ्हाऊ दे व माय, गौराई घाबरी जाई." सगळा झोका हसायचा. पण त्याच सणाला आमच्याकडे आणखी एक खेळ असतो, बार. पांझरेच्या कोरड्या पात्राच्या एका काठावर आमच्या गावच्या पोरी, दुसऱ्या काठावर समोरच्या गावच्या, आणि मध्ये शिव्या. तेवढ्या दिवसापुरती पोरींना सगळी मुभा. बाकीच्या किंचाळायच्या आणि त्यांचं बोलणं वाऱ्यावर जायचं. मी समोरची एकच पोरगी निवडायचे. तिच्यावरची नजर काढायची नाही. अगदी सावकाश, खालच्या सुरात म्हणायचे, "तुमना गावना नवरदेव गधडावर येस, आनि गधडं बी लाजस." ते पात्र ओलांडून पलीकडे पोचायचं. तिकडे शांतता व्हायची. मग हीच काकू मला पाठीत ढकलायची, "आते आखो एक बोल."

बंगलोरला आल्यावर कळलं, या आवाजाला जगात जागा आहे. गॉथिक रॉक म्हणतात त्या गाण्याला. काळे कपडे, डोळ्यांभोवती काजळाचं जाड कडं, छातीत वाजणारा बेस, आणि मरण, अंधार, निघून गेलेली माणसं यांच्याबद्दलचे शब्द. आपल्याकडे मयतीला बाया बोलून बोलून रडतात, ते ड्रमवर बसवलं तर जवळपास पोचेल. सुरुवातीला मी इंग्रजीत गायले. मग एकदा रिहर्सलमध्ये बेसवाला एकच सूर धरून बसला होता आणि माझ्या तोंडून आबांचं वाक्य निघालं. जसंच्या तसं, अहिराणीत. जे जनावर सोताहून दावं सोडस. बेसवाला थांबला नाही. त्या गाण्याने मला नाव दिलं.

प्रमोटर लोक मला उन्हात पहिल्या नंबरला गायला लावायचे आणि पोस्टरवर नाव तळाला टाकायचे. अंधाराची गाणी, चार वाजताच्या उन्हात. मी आबांचाच नियम वापरला. ते म्हणायचे, "आपला भाव आपन सांगाना नही, समोरलाले बोलू देवाना." मी समोर बसून गप्प राहायचे. गप्प बसलेली बाई माणसाला सहन होत नाही, तो आपणहून भाव वाढवत जातो. एकाने मात्र तुझ्यासारख्या दहा मिळतील म्हटलं, तेव्हा मी त्याची खुर्ची उलटी केली. त्या वर्षापासून आमचा नंबर शेवटचा, दिवे मालवल्यावरचा. आज पुण्याच्या, कोलकात्याच्या, कोहिमाच्या पोरी खालच्या सुरात गातात, गाण्याच्या मध्ये थांबतात आणि समोरच्या एकाच माणसाकडे रोखून बघतात. मुलाखतीत मला विचारतात, हे कुठल्या इंग्लिश बँडकडून घेतलंत. मी सांगते, पांझरा. ते नाव लिहून घेतात. मग त्यांना नकाशात नदी सापडते.

आणि तरी दर आखाजीला माझं डोकं फिरायचं. भाऊ दरवर्षी सुरतेला जाऊन चुलत बहीण शोभाला घेऊन यायचा. स्टेटसवर झोका, सांजोऱ्या, शोभाच्या हातावरची मेंदी. एका वर्षी मी भावाला फोन लावला.

"मन्हाकडे कव्हय येशी?"

"तुन्हं सासर कोठे शे? मी लेवाले कोना दारले येऊ?"

"मन्हा दारले ये. माले दार शे ना."

"येडी शे का तू? आपलंच घर शे. तू ये ना सोता, कोनी अडावस का तुले?"

मी फोन ठेवला नाही, भिंतीवर फेकला. अडवत कोणी नव्हतं, खरं आहे. पण स्वतःहून गेले असते तर मी फक्त परत आलेलं जनावर झाले असते. शोभा लग्न करून गेली म्हणून तिला माहेर. मी आवाज घेऊन गेले, तर माझं माहेर कुठे गेलं? नवीन फोन घेतला, पण हा प्रश्न जुनाच राहिला. ठरवून टाकलं, मुऱ्हाळी आल्याशिवाय त्या गावात पाय ठेवायचा नाही.

गेल्या आखाजीच्या थोडं आधी आमचा मोठा शो होता. दुपारी साउंडचेक चालू असताना गेटवरचा माणूस आला. "अक्का, यारो बंदिद्दारे." अक्का, कोणीतरी आलंय. इथेही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, माझं तेवढं बरं आहे. बाहेर पाहिलं तर धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात सांजोऱ्यांचा डबा. आबा.

"आबा, तुम्ही आठे?"

"धुंडत उनू," आबा म्हणाले. शोधत आलो.

इतकी वर्षं मी त्यांच्याशी मनात भांडत आले होते. मुद्दे पाठ होते. मी पुढे होऊन त्यांच्या हातातला डबा घेतला. धुंडत हा शब्द त्यांनी उगाच वापरलेला नव्हता. दलाल माणूस शब्द मोजून काढतो.

गिटारवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, दाव्याचं गाणं आज गाळू या का? तुझे वडील आहेत. मी त्याला झापलं. ज्याचं वाक्य आहे त्यानेच ऐकू नये का? मग स्टेजवर चढले. काळ्या कपड्यांच्या गर्दीत, कडेच्या खुर्चीवर, एक पांढरी टोपी दिसत होती. मी त्या रात्रीही पांझरेवरच्या खेळाचाच नियम पाळला, एकच माणूस निवडला. कन्नड, तमिळ, बंगाली पोरं एका सुरात गात होती, त्याले कोनी धुंडाले जात नही. आबा हलले नाहीत. शेवटी त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

सकाळी चहा घेताना म्हणाले, "माल मन्हा, बाजार तुन्हा. मन्ही दलाली कोठे शे?"

"काय पाहिजे?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. उपरणं उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढे केला. बैलबाजारात असाच सौदा होतो, कापडाखाली बोटं दाबून, तोंडाने एक शब्द नाही. मी लहानपणी गाडीच्या जूवर बसून ते बघायचे. त्या कापडाखाली बाईचा हात गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी हात घातला. "माहेरना दिन," ते म्हणाले आणि अख्खा पंजा धरला. पाच. मी तीन बोटं सोडवून घेतली, पुढच्या आठवड्यात शो होता. त्यांनी एक परत पकडलं. मी ओढलं, त्यांनी सोडलं नाही. मग आणखी एक. चार बोटांवर सौदा पटला.

"मी काळंच नेसी येसु," मी म्हटलं.

"रंग बघी बैल घेतस का? चाल बघतस."

तर मी गेले. काळं लुगडं, काजळ, आणि पुढे मुऱ्हाळी. भाऊ चौफुलीवर गाडी घेऊन उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. काकू झोक्यावर सरकली आणि तिने जागा केली. पण मला घाई नदीची होती. समोरच्या काठावर शाळेत जाणारी एक पोरगी पुढे आली. डोळ्यांभोवती काजळाचं कडं. तिने माझ्यावर नजर रोखली, बराच वेळ काही बोललीच नाही, आणि मग खालच्या सुरात, सावकाश म्हणाली, "तुमनी गानारी म्हातारी व्हयी गयी."

आमच्याही काठावर हशा पिकला. ते थांबणं माझं होतं, तो सूर माझा होता, फोनवर ऐकून उचललेला. कुठल्याही पुरस्काराने मला तेवढं वर चढवलं नव्हतं.

राग गेला का म्हणाल, तर गेलेला नाही. आबांनी ते वाक्य परत घेतलेलं नाही आणि मी ते गायचं सोडलेलं नाही. आता त्याच्यापुढे फक्त दोन शब्द वाढवलेत, धुंडत उनू, आणि तिथे बेस थांबतो. तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्या सासरशिवाय गेल्या, नोकरीसाठी, शिकायला, कशाहीसाठी, त्यांनी माहेरी जायला स्वतःहून बॅग भरू नये असं माझं मत आहे. आणि जे मागे राहिलात त्यांनी तिकीट काढावं. आम्हाला रस्ता ठाऊक आहे. तुम्हाला तो ठाऊक आहे का, एवढंच आम्हाला बघायचं असतं. माझ्यापुरतं घर म्हणजे तेवढंच.

काल भावाचा फोन आला. "यंदा लेवाले आबा येवोत का मी?"

मी काही बोलले नाही. गप्प बसलेली बाई त्यालाही सहन होत नाही.

"बरं," तो म्हणाला, "दोन्हीजन येसुत."